जा, पाणी आण

शिक्षण संपलं की हा देश परदेशी पोरांना लगेच हाकलत नाही, एवढं त्याचं कौतुक करायला हवं. पदवी हातात पडली की तो तुम्हाला कामाचा तात्पुरता व्हिसा देतो. त्यातलं 'तात्पुरता' मात्र कुणी विसरू देत नाही. व्हिसाच्या कार्डावर तो शब्द माझ्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापलाय. घरमालकिणीने तो वाचला आणि भिंतीत खिळा ठोकायचा नाही म्हणून बजावलं. बँकेतल्या बाईने वाचला आणि दुधाच्या पिशवीवरची तारीख बघावी तसं मला पुढून-मागून बघून घेतलं.

मुभा मिळते ती दोन अटींवर. काम तुम्ही जे शिकलात त्याच्याशी संबंधित हवं, आणि नोकरी खरी हवी. कुणीतरी दया येऊन किंवा ओळखीखातर नावापुरती ठेवून घेतलेली चालत नाही. मुदत वाढवून मागितली की एक तपासनीस न सांगता कामाच्या जागी येऊन ठाकतो आणि या दोन गोष्टींची शहानिशा करतो. त्याची खात्री पटली तर राहायचं. नाही पटली तर बॅग भरायची आणि घरी जाऊन शेजाऱ्यांना 'तिकडची हवाच मानवली नाही हो' असं सांगत बसायचं.

माझी पदवी यंत्रांच्या कंपनांची. यंत्र का थरथरतं आणि ते थांबवायचं कसं, हा विषय. बाबांच्या एका मित्राने विचारलं होतं, "म्हणजे हुडहुडीची डॉक्टर का?" बाबा म्हणाले, "हो, तसलंच काहीतरी," आणि विषय बदलला. नोकरी मला मिळाली ती लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या कंपनीत. जुन्या इमारतींतल्या लिफ्ट कुरकुरतात, हिसके देतात, मध्येच अंग चोरतात. मी आत उभी राहते, भिंतीला कंपनं मोजायचं यंत्र लावते आणि शेजारी कानही लावते. यंत्राला थरथर कुठे आहे ते कळतं, कशामुळे आहे ते कानाला कळतं. लहानपणापासून माझे कान तिखट. म्हणून बाबांनी माझं नाव लंबकर्ण ठेवलं होतं. लंबकर्ण म्हणजे गाढव, हे मला बरंच मोठं झाल्यावर समजलं, तोपर्यंत मी त्या नावाला मोठ्या अभिमानाने ओ देत होते.

कंपनीचे मालक म्हणजे मोठा आवाज आणि त्याच्याभोवती थोडासा माणूस. घरी फोनवर बोलताना मी त्यांचं नाव 'भोंगा' ठेवलं होतं. ते दोरांवर ओरडत, पेचकसावर ओरडत, आणि उरलेला वेळ माझ्यावर. "तुला काय कळतं" म्हणून सुरुवात करत आणि तासाभराने मी म्हटलं होतं तेच चाक बदलून घेत. मला त्यांची सवय झाली होती. खरं तर मला ते आवडत होते, पण हे त्यांना सांगायची सोय नव्हती, कारण मध्ये बोलायला जागाच मिळत नसे.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं आईवर उगाच शेकेल.

पाहुणा आला की आपल्या पोराला नावं ठेवायची, ही आमच्याकडे पहिली पायरी. "कसली हुशार हो, पेपर सोपे होते." मग पाहुण्याने लगेच म्हणायचं, "अहो, काहीतरीच काय! किती गुणी मुलगी!" ही दुसरी पायरी, आणि ती पाहुण्याची जबाबदारी. मग आई पोराला आणखी खाली ओढणार आणि पाहुणा आणखी वर चढवणार. दोन-तीनदा असं झालं की आईचा आवाज एकदम उतरतो. तिथे तिसरी पायरी येते, म्हणजे आईच्या मनात खरं काय आहे ते. ही तिसरी पायरी मी जन्मात कधी ऐकली नव्हती. कारण आवाज उतरला रे उतरला की आई माझ्याकडे वळून म्हणायची, "जा गं, पाणी आण."

मी पाणी घेऊन यायचे तोवर गप्पा हवामानावर गेलेल्या असायच्या. काहीतरी चांगलं बोललं गेलंय, एवढं पाहुण्यांच्या तोंडावरून दिसायचं. एकदा तर एका मावशीने भरलेले पेले बाजूला ठेवून माझ्यावरून हात ओवाळून बोटं मोडली. ती गेल्यावर मी आईला विचारलं, असं काय बोललीस गं? आई म्हणाली, "कुठे काय? तिची बोटं दुखतात." पोरांच्या तोंडावर कौतुक केलं की पोरं डोक्यावर मिरे वाटतात, हा तिचा सिद्धांत. मी डोक्यावर मिरे वाटले नाहीत. पण मी मोठी झाले, शिकले, परदेशी आले, तरी मी आईला आवडते की ती मला नुसती चालवून घेते, याचा मला कधी नीट अंदाज आला नाही. वाईट वाटायचं. उगाच कशाला लपवू?

माझी मुदत वाढवायची वेळ आणि आईची भेट नेमकी एकत्र आली. आई आली आणि पहिल्याच दिवशी तिने आमच्या इमारतीच्या लिफ्टशी दावा मांडला. दुसऱ्या मजल्यानंतर ती लिफ्ट एक उचकी द्यायची. आई म्हणाली, "मला नाही बाई असल्या उचकीत मरायचं," आणि दुखऱ्या गुडघ्यांनी पाच मजले जिन्याने चढायला लागली. मला ते बघवेना. सुट्टीच्या दिवशी मी इमारतीच्या देखभालवाल्याला पटवलं आणि सकाळपासून वर-खाली करत त्या लिफ्टला कान लावून बसले. तिच्या एका चाकाचं रबर एके ठिकाणी चपटं झालं होतं. ते बदललं आणि उचकी थांबली. मी आईला हाताला धरून आत नेलं. वरपर्यंत पोचेस्तोवर तिने डोळे मिटून घेतले होते. दार उघडल्यावर म्हणाली, "हं. तेल घातलंस वाटतं." त्याच दिवशी बाबांनी फोनवर लेकीची खुशाली विचारली, तर ही म्हणते, "मजेत आहे. लिफ्टला तेल घालते."

घरी एकटीला करमेना, म्हणून ती माझ्याबरोबर कंपनीत यायला लागली. आमची कंपनी म्हणजे एक लांबट खोली. अर्ध्या खोलीत लोखंडी दोरांची भेंडोळी आणि सुटी चाकं, उरलेल्या अर्ध्यात दोन टेबलं. आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसे आणि मालकांचा तमाशा बघे. मालकांच्या अंगरख्याचं एक बटण लोंबत होतं. तिसऱ्या दिवशी तिने त्यांना खुणेने तो काढून द्यायला लावला आणि बटण शिवून दिलं. मालक पहिल्यांदा गप्प झाले. मग बटण फार घट्ट शिवलंय म्हणून ओरडले. आई मला म्हणाली, "ओरडतो किती गं हा! पण माणूस वाईट नाही."

त्या सकाळी मालक आमच्या कारागिराला घेऊन एका जुन्या इमारतीतल्या लिफ्टच्या विहिरीत उतरले होते. विहीर म्हणजे लिफ्ट जिच्यातून वर-खाली जाते ती उभी पोकळी. तिथे फोनला रेंज नसते. खोलीत मी आणि आई, दोघीच. आणि दारात तपासनीस.

इतका नीटनेटका माणूस मी पाहिला नव्हता. त्याच्या मोज्यांनाही इस्त्री असावी. त्याने ओळखपत्र दाखवलं, मला फोन बंद करून टेबलावर ठेवायला सांगितलं आणि मालक कुठे आहेत ते विचारलं.

"विहिरीत," मी म्हटलं. त्याच्या भुवया वर गेल्या. मी समजावून सांगितलं. भुवया खाली आल्या, पण पूर्ण नाही.

"त्यांना फोन लागत नाही?"

"विहिरीत रेंज नसते."

"म्हणजे तुमची नोकरी खरी आहे, असं सांगणारं इथे आत्ता कुणी नाही." हे त्याने काही वाईट हेतूने म्हटलं नाही. दुकानात साखर नाही हे जसं दुकानदार सांगतो तसं सांगितलं. मग त्याची नजर खिडकीजवळ गेली. "या कोण?"

"माझी आई."

"त्या इथे रोज असतात? तुमचं काम बघतात?"

हो म्हटलं, आणि म्हणताक्षणी मला आईच्या पायऱ्या आठवल्या. तपासनीस साहेबांचा चेहरा मात्र खुलला. हजर असलेल्या कुणाचीही साक्ष नियमाप्रमाणे चालते, म्हणाले. आईची साक्ष तर उत्तमच, कारण आपल्या लेकराचं वाईट कोण सांगेल? "फक्त त्यांचं बोलणं तुम्ही भाषांतर करायचं नाही. मध्ये बोलायचं तर अजिबात नाही." त्यांनी आईची भाषा विचारून घेतली, स्वतःचा फोन टेबलावर ठेवला, एक नंबर लावला आणि आवाज मोठा केला.

फोनमधून चक्क मराठी आली. "नमस्कार. मी सरकारी दुभाष्या बोलतोय. या खोलीत जे बोललं जाईल, ते सगळं मी जसंच्या तसं दुसऱ्या भाषेत सांगणार. पदरचं काही घालणार नाही, काही गाळणार नाही, अशी मी शपथ घेतलेली आहे."

आईचा चेहरा उजळला. "अगं बाई, आपलाच माणूस! कुठले हो तुम्ही? जेवण झालं का?"

दुभाष्याने इथल्या भाषेत सांगितलं, "साक्षीदार विचारतात, मी कुठला, आणि माझं जेवण झालं का."

"हे प्रकरणाशी संबंधित नाही," साहेब म्हणाले.

"काकू, साहेब म्हणतात, हे प्रकरणाशी संबंधित नाही," दुभाष्या म्हणाला. त्याचा आवाज जरा ओशाळला होता.

साहेबांनी पहिला प्रश्न विचारला. आपली मुलगी इथे काय काम करते?

मी डोळ्यांनी, मानेने, भुवयांनी आईला जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. पण आईसमोर आता पाहुणा बसला होता. टापटीप, मोठ्या हुद्द्यावरचा, खुर्चीच्या टोकावर बसलेला पाहुणा. आईने पदर सारखा केला आणि पहिली पायरी चढली.

"काम कसलं हो? भिंतीला कान लावून बसते दिवसभर."

दुभाष्याने भाषांतर केलं. साहेबांनी लिहून घेतलं. आई त्यांच्याकडे बघत थांबली. हिला 'काहीतरीच काय' हवं होतं, हे खोलीत मला माहीत होतं आणि फोनमधल्या त्या माणसाला. साहेबांना कुठून माहीत असणार? ते गप्प.

आईला वाटलं, आणखी एक पायरी खाली जायला हवं. "घरी पण तेच. एक काम धड नाही. भाजी चिरायला बसवली तर अर्धी भाजी जमिनीवर."

साहेबांनी तेही लिहिलं. मग विचारलं, "मग मालकांनी तिला कामावर का ठेवलं असेल?"

"मालक देवमाणूस आहे हो," आई म्हणाली. "त्यांनी ठेवून घेतलंय म्हणून. नाहीतर हिला कोण विचारणार?"

फोनमधून नुसतं 'अं...' आलं. "दुभाष्या?" साहेबांनी विचारलं. दुभाष्या खाकरला आणि एकेक शब्द ओझं उचलावं तसा उचलत म्हणाला, "साक्षीदारांचं म्हणणं, मालक दयाळू आहेत, म्हणून त्यांनी अर्जदाराला ठेवून घेतलं आहे."

साहेबांचा हात थांबला. ते आता खुर्चीत नीट मागे टेकून बसले. "म्हणजे दया म्हणून?"

मला राहवेना. "आई," मी म्हटलं, "अगं, तुझ्या पाया पडते, जरा चांगलं बोल!"

आणि फोनमधून अत्यंत दुःखी आवाजात इथल्या भाषेत ऐकू आलं, "अर्जदार साक्षीदाराला म्हणतात, तुझ्या पाया पडते, जरा चांगलं बोल."

साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "पुन्हा बोललात तर मला साक्षीदाराला पढवल्याची नोंद करावी लागेल." मी ओठ मिटले. माझी नोकरी, माझी खोली, अजून एकही खिळा न ठोकलेल्या माझ्या भिंती, सगळं त्या मोजेवाल्याच्या हातात होतं, आणि आई एकेक करून सगळं त्याच्या पदरात टाकत होती.

"पदवीचा या कामाला काही उपयोग होतो का?" साहेब.

"पदवीचं काय घेऊन बसलात! हल्ली सगळ्यांनाच मिळते."

लिहिलं.

"अभ्यासात तरी हुशार होती का?"

"नशिबाने पास व्हायची."

तेही लिहिलं. एव्हाना आईच्या कपाळावर घाम आला होता. बिचारी एकटीच खाली खाली उतरत होती आणि वर ओढून घ्यायला कुणी येत नव्हतं. उभ्या आयुष्यात कुठल्या पाहुण्याने तिला असं तोंडघशी पाडलं नव्हतं. ती माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, "हा माणूस गप्प का गं? तुझं काही वाईटसाईट कानावर आलंय का ह्याच्या?"

"साक्षीदार विचारतात," फोन म्हणाला, "हा माणूस गप्प का, आणि अर्जदाराचं काही वाईट त्याच्या कानावर आलं आहे का."

"अजून तरी नाही," साहेब म्हणाले. "पण मी ऐकतो आहे."

"साहेब," दुभाष्या एकदम म्हणाला, "मी एक खुलासा करू का?"

"नाही. तुम्ही फक्त भाषांतर करायचं."

"बरं," दुभाष्या म्हणाला. फोनमधून एक मोठा श्वास ऐकू आला. मग तो मराठीत असा काही गरजला की खिडकीची काच थरारली. "अहो काकू, काहीतरीच काय! एवढी गुणी मुलगी, आणि तुम्ही असं बोलता?"

बुडत्या माणसाच्या हाताला काठ लागावा, तसा आईचा चेहरा झाला.

"काय म्हणालात तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

शपथेचा माणूस. त्याने स्वतःचंही भाषांतर केलं. "मी म्हणालो, काकू, काहीतरीच काय, एवढी गुणी मुलगी."

"तुम्ही त्यांच्या मुलीला ओळखता?"

"नाही साहेब. पण हे मी म्हटल्याशिवाय त्या थांबणार नाहीत. मला तीन आत्या आहेत. मला माहीत आहे."

साहेब काही म्हणणार, तोवर आई नव्या दमाने सुरू झाली होती. "गुणी कसली हो? वेंधळी आहे नुसती!"

"वेंधळी असती तर परक्या देशात एकटी राहिली असती का? शिकली असती का?" दुभाष्या एका दमात मराठीत भांडत होता आणि लगेच दुसऱ्या दमात ते भांडण साहेबांना सांगत होता.

"राहते म्हणजे काय, राहावं लागतं म्हणून..."

"नाही काकू, हे तुमचं ऐकून घेणार नाही!"

आणि आईचा आवाज उतरला. मी तो उतार ओळखते. झोपेतही ओळखेन. तिने एक सुस्कारा टाकला, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "जा गं, साहेबांना पाणी आण."

"साक्षीदार म्हणतात, अर्जदाराने साहेबांसाठी पाणी आणावं," फोन म्हणाला. मग विनवणी केल्यासारखा पुढे म्हणाला, "साहेब, जाऊ द्या तिला. आणि पुढचं ऐका."

ते आल्या आल्या मी ठेवलेला पाण्याचा पेला साहेबांसमोर भरलेलाच होता. त्यांनी त्या पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दाराकडे हात केला.

पाण्याचं यंत्र बाहेर, बोळाच्या दुसऱ्या टोकाला. मी धावत गेले. इतकं सावकाश पाणी देणारं यंत्र दुसरं नसेल, एकेक थेंब जणू उपकार करून पडत होता. अर्धाच पेला घेऊन मी परत धावले. दार ढकललं तेव्हा आई बोलायची थांबली होती आणि दुभाष्याचं भाषांतर संपत आलं होतं. मला शेवटचं तेवढं सापडलं.

"... आणि मालक रोज अर्जदारावर ओरडतात आणि शेवटी अर्जदार म्हणेल तेच करतात. साक्षीदारांचं म्हणणं असं, की ज्याची गरज नाही अशा माणसावर कुणी एवढं ओरडत नाही." इथे फोनमध्ये नाक शिंकरल्याचा आवाज आला. "भाषांतर संपलं."

आई खिडकीबाहेर बघत होती, जणू तिचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता. साहेब आईकडे बघत होते. मी विचारलं, "काय म्हणाली ती? आधी काय म्हणाली?"

"साक्षीदाराचा जबाब अर्जदाराला सांगता येत नाही," साहेब म्हणाले.

म्हणजे सरकारनेही मला पाणी आणायलाच पाठवलं होतं.

तेवढ्यात दार भिंतीवर आपटलं आणि मालक आत आले. ग्रीसने माखलेले, कोपरापर्यंत काळे. खोलीत कोण बसलंय हे त्यांनी बघितलंच नाही. "कुठे मेली होतीस? विहिरीतून वर आल्यापासून फोन करतोय! तो दोर किंचाळतोय, मी म्हणतो चाकाचा दोष, तो गाढव कारागीर म्हणतो मोटारीचा! तू असतीस तर दोन मिनिटांत कळलं असतं! फोन कशाला बंद करतेस? पगार कशाचा देतो मी तुला? चल! ऊठ! कान घे आणि चल!"

ते श्वास घ्यायला थांबले. आईने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी खाली मान घालून काहीतरी लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली. मग उठून त्यांनी मी आणलेला अर्धा पेला उचलला आणि शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला.

फोन बंद करण्याआधी त्यातून हळूच आवाज आला. "काकू, जेवण व्हायचंय अजून."

"घ्या हो जेवून, वेळेवर जेवत जा," आई म्हणाली, आणि त्याने शपथेप्रमाणे तेही साहेबांना सांगितलं.

पुढच्या आठवड्यात निकाल आला. संध्याकाळ होती. आई माझ्या पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. तिची परत जायची बॅग अर्धी भरून झाली होती. निकाल मी फोनवर वाचला. पुन्हा वाचला. मुदत वाढली होती. कार्ड नवीन येणार, वर 'तात्पुरता' तसाच राहणार, पण राहायचं होतं. माझे पाय थरथरत होते आणि त्या थरथरीचं कारण शोधायला यंत्र लागत नव्हतं.

"आई, मुदत वाढली."

तिने एका टॉवेलची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. "बरं झालं. त्यांच्याकडे माणसं कमी पडत असतील."

एरवी मी चिडून दुसऱ्या खोलीत गेले असते, म्हणजे दुसरी खोली असती तर. पण त्या दिवशीच्या दुभाष्याने मला शहाणं केलं होतं. मी खुर्ची ओढली, तिच्यासमोर पाहुण्यासारखी टोकावर बसले आणि म्हटलं, "अहो काकू, काहीतरीच काय! एवढी गुणी मुलगी!"

"चहाटळपणा पुरे," आई म्हणाली. पण सवय फार वाईट असते. जराशाने तिच्याच्याने राहवेना. "गुणी कसली? घरात एक खिळा ठोकलेला नाही अजून."

"खिळा ठोकायला मनाई आहे हो. पण लिफ्ट कशी झकास केली!"

"तेल घातलं नुसतं."

"तेल नव्हे काकू, चाक बदललं. तुमच्या गुडघ्यांसाठी. असं कुणाची मुलगी करते?"

आईचा आवाज उतरला. अगदी तसाच, नेहमीसारखा. "तसं म्हणाल तर..." ती म्हणाली, आणि वळली. "जा गं, पाणी..."

मी जागची हलले नाही. "मी पाहुणी आहे," मी म्हटलं. "पाहुण्याला पाणी घरच्यांनी आणायचं."

आईने दाराकडे बघितलं. खिडकीकडे बघितलं. पाणी आणायला पाठवावं असं तिसरं माणूस त्या खोलीत नव्हतं. मग ती गुडघ्यांवर हात ठेवून उठली आणि स्वतःच पडद्यामागच्या ओट्याकडे गेली. तिने नळ पूर्ण सोडला. पाणी भांड्यात धबाधबा आदळायला लागलं, आणि त्या आवाजाच्या खाली ती काहीतरी बोलली.

तिला वाटलं, ऐकू जाणार नाही. पण दहा आवाजांच्या कल्लोळातून एक बारीक आवाज वेगळा काढणं, यावरच तर माझं पोट चालतं. मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"माझी पोर लाखात एक आहे."

पाणी वाहत राहिलं. मला रडू आलं आणि हसूही आलं, आणि दोन्ही आवरून मी विचारलं, "काय म्हणालीस गं?"

"कुठे काय?" पडद्यामागून आई म्हणाली. "हा नळ गळतोय म्हटलं. एवढी शिकलीस ना, तो कर आधी नीट."

तिने नळ बंद केला. मी कान दिला. नळाला काहीही झालेलं नव्हतं.